होऊन गेलेलं नको, होताना दाखवणारं पुस्तक सुचवा

घाटावरची:

वाईला आमचा बारा-तेरा जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी जमतो. बहुतेक निवृत्त मंडळी, त्यात कॉलेजची दोन पोरं. मागच्या महिन्यात ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' घेतली होती. चर्चा रंगली, शेंगदाण्याचे लाडू संपले आणि निघताना त्यातला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, भारी आहे, पण हे इतकं उघड कोण करतं? असं काही आलं तर आपल्याला कळेलच की."

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. ऑर्वेलच्या पुस्तकात सगळं आधीच होऊन गेलंय. पहिल्या पानावरच घड्याळात तेराचे ठोके पडतात. मला त्याच्या अलीकडचं हवंय. म्हणजे अजून दुकानं उघडी आहेत, लग्नं लागतायत, कोर्टात तारखा पडतायत, आणि आतून काहीतरी सरकतंय. कथा-कादंबरी चालेल, आठवणी, डायरी, नाटक, काहीही चालेल.

एक विनंती. आजच्या पक्षांची आणि नेत्यांची नावं इथं नकोत. धागा दुसऱ्या पानावर जायच्या आत बंद पडतो, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक आहे.

कोपऱ्यातला:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

स्प्रेकाठी:

मी बर्लिनमधे राहते, नऊ वर्षं झाली. तुम्हाला हवंय तेच पुस्तक आहे: सेबास्टियन हाफनर. इंग्रजीत 'डिफाइंग हिटलर' या नावानं मिळतं. ते नाव जरा फसवं आहे. मूळ जर्मन नावाचा अर्थ नुसता 'एका जर्मनाची गोष्ट' असा होतो. १९३९ मधे इंग्लंडमधे लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं, ते लेखक गेल्यावर २००० साली छापलं गेलं. हाफनर म्हणजे १९३३ मधे, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, पंचविशीतला, कोर्टात उमेदवारी करणारा पोरगा. तुमच्या कॉलेजच्या पोरांपेक्षा थोडा मोठा.

त्यातला एक प्रसंग सांगते. मार्च १९३३ ची अखेर. बर्लिनच्या वरच्या कोर्टातलं ग्रंथालय, हा आपलं काम करत बसलाय. बाहेर दारं आपटल्याचे, बुटांचे आवाज येतात. तपकिरी गणवेशवाले, म्हणजे हिटलरच्या पक्षाचे लोक, आत येतात आणि आर्य नसलेल्यांना (म्हणजे ज्यूंना) बाहेर जायला सांगतात. एक जण याच्या टेबलापाशी येऊन विचारतो, "तुम्ही आर्य का?" आणि विचार करायच्या आत याच्या तोंडून निघून जातं, "हो." तो माणूस याच्या नाकाकडे बघतो आणि पुढे जातो. मग याला लाज वाटते. उत्तर खरंच होतं. पण विचारणाऱ्याला तो प्रश्न विचारायचा हक्क आहे, हे त्या एका 'हो'मधे आपण मान्य करून टाकलं, आणि तेही निवांतपणे कागद वाचत बसता यावं म्हणून, हे त्याच्या लक्षात येतं.

ती कोर्टाची इमारत अजून आहे, समोर बाग आहे. उन्हाळ्यात लोक गवतावर पडलेले असतात.

आणि "कळेलच की" म्हणणाऱ्या त्या मुलाला २३ मार्च १९३३ बद्दल जरूर सांगा. संसदेची इमारत जळालेली, म्हणून बैठक एका ऑपेरा हाउसमधे भरली. कम्युनिस्टांचे ८१ खासदार तुरुंगात तरी नाहीतर लपलेले. संसदेला न विचारता सरकारला कायदे करू देणाऱ्या त्या कायद्याचं नाव काय, तर जनतेचं आणि राष्ट्राचं संकट दूर करण्याचा कायदा. ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास. नावाला मुदत चार वर्षांची, म्हणजे 'तात्पुरता'. पुढे नूतनीकरण होत राहिलं. जुनी राज्यघटना रीतसर रद्द अशी कधी केलीच नाही, ती कपाटात तशीच राहिली.

कोपऱ्यातला:

नाकाकडे बघून?! बरं, पॉपकॉर्न ठेवला बाजूला.

प्रॉम्प्टर:

कादंबरीच हवी असेल तर सिंक्लेअर लुईसची 'इट कान्ट हॅपन हिअर', १९३५. त्या पोराचं वाक्य बघा आणि हे नाव बघा. अमेरिकेत निवडणूक जिंकून हुकूमशहा येतो आणि एका छोट्या गावातला म्हातारा संपादक ते बघत बसतो, अशी गोष्ट. खरं सांगायचं तर पसरट आहे, शेवटाकडे माझा दम गेला. पण पहिला अर्धा भाग फर्मास. लुईसची बायको डोरोथी थॉम्प्सन मोठी पत्रकार. १९३१ मधे हिटलरची मुलाखत घेऊन आली आणि हा माणूस अगदीच किरकोळ आहे म्हणाली. १९३४ मधे त्याच किरकोळ माणसाच्या सरकारनं तिला जर्मनीतून हाकललं. जी समोर बसून आली, तिलाही कळलं नव्हतं!

आणि घरचंच हवं तर 'घाशीराम कोतवाल' आहेच. १९७२ चं, म्हणजे आणीबाणीच्याही आधीचं. सगळे घाशीरामकडे बघतात, मी दर वेळी त्या ब्राह्मणांच्या भिंतीकडे बघतो. माणसांचीच भिंत, गाते, डोलते, सगळं झाकते.

जुना जुळारी:

मी इथं फारसा लिहीत नाही, टायपिंगला वेळ लागतो. एकेकाळी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हात चालायचा, तो या काचेवर चालत नाही.

पुस्तक सुचवत नाही, पाहिलेलं सांगतो. १९७५ मधे मी एकोणीस वर्षांचा. पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात छापखाना होता, तिथं कंपोझिटर. एक छोटं साप्ताहिक आमच्याकडे छापायला यायचं, नाव सांगत नाही. जूनअखेर आणीबाणी आली आणि हुकूम निघाला, मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा. गॅलीचं प्रूफ, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप, काढायचं, सायकलवरून पोचवायचं, निळ्या पेन्सिलीनं खोडून परत यायचं. पहिले दोन-तीन अंक आम्ही खोडलेली जागा तशीच कोरी ठेवली. 'इंडियन एक्सप्रेस'नं २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, तेव्हा आम्हालाही चेव होता. मग कळलं, कोरी जागाही चालणार नाही. मग मालकांच्या आईनं लिंबाच्या लोणच्याची कृती सांगितली, ती मी जुळवली. आमच्या अंकात लोणचं का, असं एकाही वाचकानं विचारलं नाही.

आता खरं सांगायचं ते हे. खिळे जुळवणं म्हणजे कष्टाचं काम. मराठीला काना, मात्रा, रफार, अनुस्वार, जोडाक्षरं, खणच्या खण भरलेले. एक कॉलम जुळवायचा आणि तो खोडून आला की एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. डबल काम, पैसे एकदाचेच. ऑगस्टपर्यंत मीच संपादकांना म्हणायला लागलो, "साहेब, हा परिच्छेद काही राहणार नाही, कशाला जुळवू?" ते एकदा रागावले. दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा त्यांनीच हस्तलिखितावर रेघ मारून कागद माझ्याकडे दिला. दिवाळीपर्यंत आमची प्रूफं सेन्सॉरकडून जवळजवळ एकही रेघ न मारता परत यायला लागली. तिथला कारकून खूश, मालक खूश, मी वेळेवर घरी.

मला कुणी धमकावलं नाही. मी कुणाला भ्यायलोही नव्हतो. बोटं दुखायची, एवढंच.

शिस्तप्रिय:

काहीही म्हणा, आमचे वडील सांगायचे, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या आणि कचेरीत साहेब दहाच्या ठोक्याला जागेवर. थोडी शिस्त लागलीच होती. प्रत्येक गोष्टीत हिटलर आणायची गरज नाही.

जुना जुळारी:

@शिस्तप्रिय, तुमचे वडील खोटं सांगत नव्हते. साहेब जागेवर असायचे, मीही पाहिलंय. पण एखादी गाडी चार तास उशिरा आली, तर ते छापणार कोण होतं? मी तर नाही.

स्प्रेकाठी:

काका, तुमचं हे लोणचं हाफनरच्या शेजारी ठेवून वाचायला हवं. इथल्या मैत्रिणीला मोडक्या जर्मनमधे सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

@शिस्तप्रिय, हिटलर आणि आणीबाणी एका तराजूत कुणीच घातलेली नाही. इथं १९४५ पर्यंत थांबावं लागलं आणि तेही बाहेरच्या फौजा आल्या तेव्हा. तिथं १९७७ मधे लोकांनी मत देऊन सरकार बदललं. फरक डोंगराएवढा आहे. धागा सुरुवातीच्या महिन्यांबद्दल आहे.

घाटावरची:

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: पुढच्या महिन्यात हाफनर, त्यातले ग्रंथालयाच्या आसपासचे भाग मराठीत करून वाचायचे. (ते काम माझ्याच गळ्यात.) त्यानंतर 'घाशीराम'. लुईस जमलं तर.

आमच्या गटातल्या एक आजी डिसेंबर १९७५ मधे कराडच्या साहित्य संमेलनाला हजर होत्या. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि दुर्गाबाईंनी तिथंच जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. हे आजी नेहमीच सांगतात. काल मी काकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "तेव्हा मी उभी राहिले खरी, पण आधी आजूबाजूला कोण कोण उठतंय ते बघून." आजवर हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

जुळारीकाका, वाईला याल का? स्टँडवर घ्यायला येईन. आणि निळ्या पेन्सिलीनं खोडलेलं एखादं प्रूफ जपून ठेवलं असेल तर घेऊन या, पोरांना दाखवता येईल.

जुना जुळारी:

येईन. सकाळची एसटी धरतो.

प्रूफ एकही नाही. भीतीनं जाळलं वगैरे काही नाही. दर महिन्याला रद्दीवाला यायचा, त्यात गेलं. लोणच्याचा अंक मात्र घरात आहे. बायकोनं कृतीसाठी ठेवला होता.