सल्ला हवा: नव्या बोर्डासाठी नँड कंट्रोलरची डिव्हाइस ट्री कशी लिहावी?

भोसरी_बेंच

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये आम्ही पंपहाउससाठी डेटा लॉगर बनवतो. बोर्ड आमचाच आहे. त्यावर एएम३३५एक्स प्रोसेसर आणि त्याच्या जीपीएमसी या मेमरी कंट्रोलरच्या पहिल्या चिप सिलेक्टवर (चिप निवडणाऱ्या लाइनवर) २५६ एमबीची, ८ बिटी एसएलसी नँड फ्लॅश. इतकी वर्षं जुन्या कर्नलवर काम चालत होतं. तिथे नँडची सगळी माहिती सी भाषेतल्या बोर्ड फाइलमध्ये होती. आता मेनलाइन लिनक्सवर जायचं ठरलंय, म्हणजे तेच सगळं डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहायचं.

सध्याची अडचण अशी: यू-बूट या बूटलोडरमधून लिहिलेली यूबीआय (नँडची झीज सगळीकडे सारखी वाटणारा थर) इमेज यू-बूटला व्यवस्थित वाचता येते, पण कर्नल तीच वाचायला गेला की पानोपानी ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करणारा कोड) एरर. उलट कर्नलमधूनच पुसून लिहिलेलं कर्नलला छान वाचता येतं. म्हणजे चिप खराब नाही असं वाटतं.

विचारायचंय ते हे. ईव्हीएम (चिप कंपनीच्या नमुना) बोर्डाची फाइल उचलून बदलत जावं की कोऱ्या फाइलपासून सुरुवात करावी? नँडच्या नोडमध्ये 'रेग'ला (पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या ओळीला) शेवटचा आकडा ४ दिसतो, तिथे २५६ एमबी नको का? टायमिंगचे आकडे कुठून काढायचे? आणि नीट वाचावं असं काही असेल तर तेही सुचवा. शिवाय पुढच्या लहान मॉडेलसाठी एनआरएफ५२८४० या मायक्रोकंट्रोलरवर झेफिर ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरायचा विचार आहे. तिथे हे सगळं असंच असतं का?

तापकीर_गल्ली

आधी मीटर लावून दोन पिना बघा. रेडी/बिझी पिन ओपन ड्रेन असते, तिला पुल-अप लागतो. राइट प्रोटेक्ट पिन तरंगती राहिली तर वाचन सुरळीत चालतं आणि पुसणं-लिहिणं मध्येच फसतं. स्टेटस रजिस्टरचा सातवा बिट शून्य आला की समजायचं, राइट प्रोटेक्ट लागलेलं आहे. तुमची लक्षणं वेगळी आहेत, पण नव्या बोर्डावर हे आधी निपटलेलं बरं.

वेताळ_टेकडी

भोसरी_बेंच, तुमचा तिसरा परिच्छेद वाचूनच लिहायला बसलो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा लांबेल.

ईव्हीएमची फाइल शेजारी उघडी ठेवा, पण लिहा स्वतःची. प्रत्येक ओळ लिहिताना एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट चिप स्वतः सांगू शकते का? पेज किती मोठं, ब्लॉक किती मोठा, किती ब्लॉक, किमान किती बिटांची दुरुस्ती लागते, हे सगळं ओएनएफआय या मानकाची नँड आपल्या पॅरामीटर पेजमध्ये देते आणि ड्रायव्हर ते बूटच्या वेळी वाचतो. ते डिव्हाइस ट्रीमध्ये पुन्हा लिहू नका. उद्या खरेदीवाल्यांनी दुसऱ्या कंपनीची नँड आणली की तुमची फाइल चुकीची ठरेल आणि ती चुकीची आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. चिपला जे ठाऊक असणं शक्यच नाही तेवढंच लिहा: ती कुठल्या चिप सिलेक्टवर आहे, बस किती बिटांची, रेडी/बिझी कुठे जोडलीय, पिनमक्स (कुठल्या पिनेला कुठलं काम) काय, आणि ईसीसी कुठल्या पद्धतीचा.

आता तो ४. नँड मेमरीच्या नकाशात पसरलेली नसते. नॉर फ्लॅशसारखं पत्ता दिला आणि बाइट उचलला असं तिथे होत नाही. कमांड, पत्ता आणि डेटा एकाच अरुंद खिडकीतून जातात. म्हणून 'रेग'मध्ये तीन आकडे: चिप सिलेक्ट ०, ऑफसेट ०, आणि खिडकीची लांबी ४ बाइट. त्याच्या वर, जीपीएमसीच्या नोडमधल्या 'रेंजेस'मध्ये १६ एमबी दिसतील. त्याचा तुमच्या नँडच्या आकाराशी काही संबंध नाही, जीपीएमसी एका चिप सिलेक्टला त्याहून लहान जागा देतच नाही. नँड २५६ एमबीची असो की १ जीबीची, हे दोन्ही आकडे तसेच राहतात.

तुमच्या एररचं मूळ मला ईसीसीत दिसतंय. 'टीआय,नँड-ईसीसी-ऑप्ट'ला काय लिहिलंय ते बघा. तिथे 'बीसीएच८' (एका तुकड्यात ८ बिटांपर्यंत दुरुस्ती) हवं, कारण एएम३३५एक्सचा बूट रॉम नँडवरून पहिला लोडर वाचतो तो बीसीएच८ नेच, आणि यू-बूटही बहुधा तेच धरून बांधलेला असतो. कर्नल वेगळी पद्धत वापरत असेल तर तुम्ही सांगता तंतोतंत तेच होतं: ज्यानं लिहिलं त्यालाच वाचता येतं.

चिपच्या डेटाशीटमध्ये '५१२ बाइटला ४ बिट' असं लिहिलेलं असेल. ती किमान गरज आहे, त्याहून जास्त चालतं. पण जागेचा हिशेब करून बघा. २०४८ बाइटच्या पेजमध्ये ५१२ चे ४ तुकडे. बीसीएच८ ला एका तुकड्यामागे १३ बाइट लागतात, रॉमच्या मांडणीत १४ धरतात. ४ गुणिले १४ म्हणजे ५६, अधिक बॅड ब्लॉकच्या खुणेसाठी २, झाले ५८. ओओबी (पेजसोबतची जादा जागा) ६४ बाइटचा असेल तर मावलं. बीसीएच१६ ला तुकड्यामागे २६, म्हणजे १०४. ते ६४ मध्ये बसणारच नाही, त्यामुळे 'जास्त सुरक्षित' म्हणून तिकडे जाऊ नका. आणि बीसीएच८ सोबत 'टीआय,ईएलएम-आयडी' द्यायला विसरू नका. चूक नेमकी कुठल्या बिटावर आहे ते शोधायचं काम ईएलएम नावाचा वेगळा हार्डवेअर ब्लॉक करतो, आणि तो दिला नाही तर ते काम सॉफ्टवेअरवर पडतं.

पार्टिशनबद्दल: रॉम पहिला लोडर पहिल्या ४ ब्लॉकमध्ये शोधतो. एक ब्लॉक १२८ केबीचा, म्हणून ईव्हीएमच्या फाइलमध्ये एसपीएलच्या, म्हणजे याच पहिल्या लोडरच्या, ४ प्रती हेक्स २०००० च्या अंतराने मांडलेल्या दिसतील. ती मांडणी जशीच्या तशी ठेवा आणि त्या चौघींना 'रीड-ओन्ली' लावा. बाकी सगळी जागा एकाच यूबीआय पार्टिशनला द्या. रूट, डेटा, लॉग यांचे व्हॉल्यूम यूबीआयच्या आत करायचे. लॉगसाठी वेगळं छोटं पार्टिशन कापलंत तर तेवढेच ब्लॉक झिजत राहतात आणि शेजारचे शेकडो ब्लॉक नवेकोरे पडून राहतात. डेटा लॉगरला हे परवडणारं नाही.

टायमिंग दुसरं कुणी सांगेल का? मी त्यात खोलात गेलेलो नाही.

टिक_नॅनो

टायमिंग मी सांगते. डिव्हाइस ट्रीमध्ये सगळे आकडे नॅनोसेकंदात लिहायचे, ड्रायव्हर त्यांचे जीपीएमसीच्या घड्याळाचे टिक करतो. घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं असेल तर एक टिक १० नॅनोसेकंदांचा, आणि आकडा वरच्या टिकला जातो. म्हणजे तुम्ही ४४ लिहिलंत तरी बसवर ५० च मिळणार. त्यामुळे ४२ लिहू की ४४ यावर वेळ घालवू नका.

पहिल्यांदा बोर्ड उठवताना सैल आकडे ठेवा. ओएनएफआयच्या मोड ० मध्ये एका वाचनाची सायकल १०० नॅनोसेकंदांची, मोड ५ मध्ये २० ची. मोड ० च्या हिशेबाने लिहा, नँड ओळखली जाऊ दे, 'नँडटेस्ट' रात्रभर चालू द्या, मग डेटाशीट घेऊन घट्ट करत जा. स्कोप असेल तर रीड एनेबल आणि एक डेटा लाइन एकत्र बघा. रीड एनेबल वर जाण्याआधी डेटा स्थिर झालेला दिसलाच पाहिजे. ईव्हीएमवरचे आकडे त्या बोर्डावरच्या नँडचे आहेत, तुमच्या नव्हेत.

मुळाकाठ

झेफिरचं सांगतो. लिहायची पद्धत तीच, पण वापर अगदी निराळा. लिनक्समध्ये डिव्हाइस ट्रीचा बायनरी ब्लॉब कर्नलला बूटच्या वेळी मिळतो. झेफिरमध्ये तो बोर्डावर जातच नाही, बिल्डच्या वेळी त्यातून हेडर फाइल तयार होते आणि ड्रायव्हर त्यातले आकडे मॅक्रोंनी घेतो. म्हणून इथे चूक झाली तर बहुतेक वेळा बिल्डच अडतं, आणि ते चांगलंच आहे.

एनआरएफ५२८४० मध्ये फ्लॅश आतलीच, १ एमबी. कंट्रोलरचा नोड रजिस्टरच्या पत्त्यावर, म्हणजे हेक्स ४००१ई००० वर, आणि त्याच्या पोटात फ्लॅशचा नोड पत्ता ० वर. 'इरेज-ब्लॉक-साइज' ४०९६ आणि 'राइट-ब्लॉक-साइज' ४. हे एसओसीच्या, म्हणजे त्या चिपच्या, फाइलमध्ये आधीच आहे, त्याला हात लावू नका. तुम्ही फक्त ओव्हरले फाइलमध्ये पार्टिशनं लिहायची. प्रत्येकाची सुरुवात आणि लांबी ४०९६ च्या पटीत हवी.

एक गोष्ट मात्र डिव्हाइस ट्री सांगणार नाही. एक पान पुसायला ८५ मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि कोड त्याच फ्लॅशमधून चालत असेल तर तोवर सीपीयू थांबतो. पंपाच्या पल्स मोजत असाल तर मोजणी टायमर-काउंटरकडे द्या, इंटरप्टमध्ये ठेवू नका. शिवाय एका पानाची हमी १०,००० वेळा पुसण्याची आहे. दर मिनिटाला नोंद करणार असाल तर लॉग बाहेरच्या फ्लॅशमध्ये टाका.

भोसरी_बेंच

सगळ्यांचे मनापासून आभार. वेताळ_टेकडी, अगदी तिथेच होतं. फाइलमध्ये 'हॅम१' होतं. 'बीसीएच८' केलं, ईएलएमचा नोड चालू केला, आणि यू-बूटने लिहिलेली इमेज कर्नलने पहिल्या फटक्यात लावली. बूट लॉगमध्ये पेज २०४८, ओओबी ६४ असंच येतंय, म्हणजे तुमचा ५८ चा हिशेब लागू पडतो. टिक_नॅनो, सैल टायमिंगवर टेस्ट लावून ठेवलीय.

एक राहिलं: बॅड ब्लॉकचं टेबल फ्लॅशवर ठेवावं का? आणि आधीच्या प्रयोगांत काही चांगले ब्लॉक बॅड म्हणून नोंदले गेलेत, ते कसे परत मिळवू? कुणीतरी 'नँड स्क्रब' सुचवलंय.

वेताळ_टेकडी

स्क्रब अजिबात करू नका! ती कमांड कारखान्यात मारलेल्या बॅड ब्लॉकच्या खुणाही पुसते, आणि एकदा गेल्या की कुठला ब्लॉक जन्मतः खराब होता हे कळायला मार्ग उरत नाही. प्रयोगाचा बोर्ड आहे, थोडे ब्लॉक गेले तर जाऊ द्यात.

टेबल फ्लॅशवर ठेवायचं तर 'नँड-ऑन-फ्लॅश-बीबीटी' लिहा, पण यू-बूटमध्येही तेच चालू हवं. एकाने टेबल मानायचं आणि दुसऱ्याने ओओबीतली खूण, असं झालं तर पुन्हा हाच घोळ. लिनक्स त्यासाठी शेवटचे ४ ब्लॉक राखतो.

वाचायचं विचारलं होतंत: कर्नलच्या सोर्समध्येच, बाइंडिंग्जच्या फोल्डरमधल्या एमटीडीत, 'नँड-कंट्रोलर', 'रॉ-नँड-चिप' आणि 'टीआय,जीपीएमसी-नँड' या तीन यॅमल फाइल्स. कुठली प्रॉपर्टी अजून चालते आणि कुठली कालबाह्य झाली ते तिथेच कळतं. फाइल लिहून झाली की 'डीटीबीएस_चेक' चालवा. जुन्या फाइलमधून चुकून आलेल्या अनोळखी ओळी तो नावानिशी दाखवतो.