गाबोळी, जिरे, पीतक... कॉडच्या अंड्यांना मराठीत नक्की काय म्हणायचं?

मंडळी मदत हवीय. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांजवळच्या कॉड माशावर शाळेतल्या मुलांसाठी एक व्हिडिओ मराठीत करतेय, आणि पहिल्याच पानावर अडले. "लाखो गाबोळ्या पाण्यावर तरंगत होत्या" असं लिहिलं तर आई म्हणाली अगं तळलेल्या की कच्च्या? शिवाय लार्व्हाला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला, अळी म्हटलं की पोरांना कोबीतली अळी आठवणार.

>> आईंचं बरोबर आहे. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातला तो अख्खा गोळा, पातळ पापुद्र्यात बांधलेला, तव्यावर टाकला की फटाफटा उडतो म्हणून वर झाकण ठेवावं लागतं तो. एकदा मादीने पाण्यात सोडली की ती नुसती अंडी, गाबोळी संपली. आणि कॉडची खरंच तरंगतात बरं का, 1860 च्या दशकात सार्स नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाला ती लोफोटेनलाच पाण्याच्या वरच्या थरात सापडली. हेरिंगची मात्र तळाला जाऊन दगडांना, शेवाळाला चिकटतात, त्यामुळे सरसकट "माशांची अंडी तरंगतात" लिहू नका.

>> अळी नकोच. आपले मत्स्यबीजवाले अगदी बारक्या पिल्लांना जिरे म्हणतात, मग मोठी झाली की बोटुकली. कॉडचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम 4 मिलिमीटर असतं म्हणजे जिऱ्याएवढंच की!

>> पण जिरे हा तळ्यात सोडायच्या रोहू-कटल्याचा शब्द आहे हो काका, पिशवीत ऑक्सिजन भरून विकतात ते. समुद्रात आपलं आपण वाहत जाणाऱ्याला विचित्र वाटेल. मी नुसतं पिल्लू म्हणेन.

>> यॉक सॅकला, म्हणजे पिल्लाच्या पोटाला असलेल्या बलकाच्या पिशवीला, काय लिहिलंय? परिभाषेत पीतककोश आहे पण पीतक म्हणजे पिवळं, आणि कॉडच्या अंड्यातला बलक पिवळा नसतोच, अख्खं अंडं काचेसारखं आरपार दिसतं, दीडेक मिलिमीटरचं, आत पिल्लाचे दोन काळे डोळे उमटलेले. माझ्या मते सरळ शिदोरी म्हणा. पोटाला शिदोरी बांधूनच येतं, ती आठवडाभरात संपते आणि तोवर तोंडाजवळ बारीक प्लवक (पाण्यात वाहणारे सूक्ष्म जीव) सापडलं नाही तर उपाशी मरतं. योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1914 मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की एखाद्या वर्षी मासा भरपूर का आणि एखाद्या वर्षी नाही का ते बहुतेक इथेच ठरतं.

>> शिदोरी झकास, घेतली! गाबोळी कापली, अळी पण. आता "अंडी उबायला अडीच-तीन आठवडे लागतात" हे चालेल ना?

>> 5 अंशाच्या पाण्यात कसली ऊब हो ताई 😄 कोणी बसतही नाही त्यांच्यावर. फुटायला लिहा.