मदत हवी आहे: वडिलांचं चांदीचं झाळकाम, लघवीतली प्रथिनं आणि 'केडीएम' झाळ

चांदणवेल

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं घर कोल्हापूरजवळच्या हुपरी भागातलं. आप्पा (वडील, वय ६१) मिसरूड फुटल्यापासून पैंजणांचं झाळकाम करतात, म्हणजे झाळ (जोडायचा धातू) वितळवून चांदीचे भाग जोडतात. व्यापारी चांदी आणि झाळ वजनावर देतो, तयार माल वजनावर परत घेतो, मधली घट आधीच ठरलेली. काम घरातच, माडीवर. एक खिडकी, गॅसचा बर्नर, डोक्यावर पंखा, आणि ज्योत हलते म्हणून तोही बहुतेक बंदच. आई शेजारी बसून घुंगरू ओवते. सुट्टीत भाचा आला की तोही तिथंच लोळत असतो.

विम्यासाठी आप्पांच्या तपासण्या केल्या, त्यात लघवीत प्रथिनं 'किंचित' आली. साखर नाही, रक्तदाब ठीक, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.१. आमचे डॉक्टर म्हणाले, या वयात चालायचंच, सहा महिन्यांनी बघू. मी पण सोडून दिलं असतं, पण आप्पा ज्या झाळेला वर्षानुवर्षं 'केडीएम' म्हणतात, ते केडीएम म्हणजे कॅडमियम हा विषारी धातू, हे मला आत्ता कळलं. सोन्यातलं केडीएम बंद झालं एवढंच ऐकून होते. चांदीच्या झाळेतही ते असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

जास्त काम झालं की कधीकधी रात्री आप्पांना कणकण येते, तोंडाला गोडसर धातूची चव येते, अंग ठणकतं. सकाळी पुन्हा ठणठणीत. आमच्या गल्लीत याला कोणी आजार म्हणत नाही. गुळाचा खडा खातात आणि झोपतात.

तर ही कणकण आणि लघवीतली प्रथिनं यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? नेमकी कोणती तपासणी करायची, रक्ताची की लघवीची? झाळेत जस्तही असतं म्हणे, मग कॅडमियम काढून नुसती जस्ताची झाळ वापरली तर धोका तोच राहतो का? मेडिकलवाल्याने झिंकच्या गोळ्या सुचवल्यात, त्या द्याव्यात का? आणि आईचं, भाच्याचं काय?

आप्पांना यातलं अजून काही बोललेले नाही. काम बंद करा म्हटलं तर ते माझ्याशीच बोलणं बंद करतील.

बोलका_राघू

ताई, उगाच घाबरू नका. आमचे आजोबा जन्मभर पितळेचं ओतकाम करायचे. रोज गूळ आणि पेलाभर दूध. ८४ वर्षं जगले. हल्ली नेटवर वाचून प्रत्येक गोष्टीला विष म्हणायची साथ आली आहे.

द्रवणांक

राघूशेठ, तुमच्या आजोबांच्या नाकात गेला तो जस्ताचा धूर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात कॅडमियम मुद्दाम कोणी घालत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे.

मी धातुशास्त्र शिकवतो, म्हणून रसायनापुरतं बोलतो. आवर्तसारणीत जस्त ३० वं, त्याच्या बरोबर खाली ४८ वं कॅडमियम, त्याखाली पारा. सख्ख्या भावांसारखे गुण, म्हणून निसर्गातही जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम निघतंच. त्याची वेगळी खाण नसते, जस्त शुद्ध करताना ते जोडउत्पादन म्हणून हाती येतं. त्याचा शोधही असाच लागला. १८१७ मध्ये जर्मनीत श्ट्रोमायर नावाचे रसायनशास्त्रज्ञ औषधांच्या दुकानांची तपासणी करत होते. तिथलं जस्ताचं कार्बोनेट तापवलं की पिवळं पडायचं, आणि ज्याचा संशय यावा ते लोखंड तर त्यात सापडेना. पिवळेपणाचं कारण शोधता शोधता नवं मूलद्रव्य मिळालं.

आता झाळ. कॅडमियमवाल्या झाळेचं एक प्रमाणित मिश्रण आहे: चांदी ४५, तांबं १५, जस्त १६, कॅडमियम २४ टक्के. ते ६०७ अंशांना वितळू लागतं आणि ६१८ ला पूर्ण पातळ होतं. कारागिराला हेच आवडतं: पटकन वितळते, पाण्यासारखी पळते, जोडात शिरते. पण कॅडमियम ७६५ अंशांना उकळतं, जस्त ९०७ ला. गॅसची ज्योत या दोन्हीच्या फार वर. हात जरा रेंगाळला, झाळ लाल व्हायच्या पुढे गेली, की कॅडमियम वाफ होऊन उडतं आणि हवेत लगेच त्याचा ऑक्साइड बनतो. जस्ताच्या ऑक्साइडचा धूर पांढरा, कॅडमियमच्या ऑक्साइडचा तपकिरी-पिवळा. ताई, बर्नरच्या वरच्या फळीवर, खिडकीच्या चौकटीवर तपकिरी पूड दिसते का बघा. दिसली तर बोटाने पुसू नका आणि झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कॅडमियम काढलं तर धोका तोच राहत नाही, खूप कमी होतो. चांदी ५६, तांबं २२, जस्त १७, कथील ५ अशी झाळ मिळते, ती ६१८ ते ६५२ अंशांत वितळते. म्हणजे तापमानात फार फरक नाही. युरोपात डिसेंबर २०११ पासून दागिन्यांत आणि झाळेत कॅडमियमला बंदी आहे, तिथलं काम काही थांबलेलं नाही.

आधी एक स्वस्त काम करा. टंच काढणाऱ्या (धातूची शुद्धता तपासणाऱ्या) दुकानात एक्स-रेचं यंत्र असतं, तिथे झाळेचा तुकडा दाखवा आणि कॅडमियमचा आकडा मुद्दाम मागा. नाहीतर ते फक्त चांदी सांगून मोकळे होतात.

वैद्यकी_चौकटीबाहेर

मी कामगारांच्या आजारांवर काम करणारी डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय निदान होत नाही हे गृहीत धरून वाचा.

रात्रीची कणकण जस्ताच्या धुराची असू शकते. काम झाल्यावर काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, गोडसर चव, आणि एक-दोन दिवसांत सगळं साफ. तो ताप मागे काही ठेवत नाही, गुळाने जात नाही आणि गुळावाचूनही जातोच. म्हणून तर गुळाची कीर्ती टिकली. घोळ असा की कॅडमियमच्या धुराची सुरुवातही हुबेहूब अशीच होते. आधी काहीच नाही, काही तासांनी ताप आणि खोकला, मग फुप्फुसात पाणी. यात माणसं दगावली आहेत. तेव्हा कामानंतरच्या तापाबरोबर धाप लागली, छाती आवळली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या आणि 'कॅडमियमचा धूर' हे शब्द स्वतःहून सांगा. डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असं नाही.

प्रथिनांचा प्रश्न मात्र रोज थोडं थोडं साचण्याचा आहे. जस्त शरीराला हवं असतं, जादा झालेलं ते बाहेर टाकतं. कॅडमियमचा शरीराला काही उपयोग नाही, पण जस्तासाठी असलेल्या मेटॅलोथायोनीन या प्रथिनाला ते घट्ट चिकटतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. तिथून निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. पहिला मार बसतो तो गाळलेल्या पाण्यातून कामाच्या वस्तू परत ओढून घेणाऱ्या नलिकांना. म्हणून क्रिएटिनिन बराच काळ चांगलं दिसतं, त्यावर निश्चिंत राहू नका. शिवाय तपासणीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन पकडते. कॅडमियमने आधी गळतात ती लहान प्रथिनं, ती पट्टीला दिसतच नाहीत.

लघवीतलं कॅडमियम (प्रति ग्रॅम क्रिएटिनिन), रक्तातलं कॅडमियम आणि लघवीतलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (त्या लहान प्रथिनांपैकी एक), अशा तिन्ही तपासण्या एकत्र करा. रक्त अलीकडचा संपर्क सांगतं, लघवी आयुष्यभराचा साठा. बीटा-२ आम्लधर्मी लघवीत लवकर मोडतं, त्यामुळे नमुना कसा ठेवायचा ते प्रयोगशाळेला आधी विचारा. अमेरिकेतल्या कामगार नियमांत लघवीत ३ मायक्रोग्रॅम, रक्तात लिटरला ५ मायक्रोग्रॅम आणि बीटा-२ ३०० मायक्रोग्रॅम या रेषा ओलांडल्या की कामगारावर बारीक लक्ष ठेवणं सुरू होतं. आकडे तुलनेसाठी दिलेत.

झिंकच्या गोळ्या नकोत. साचलेलं कॅडमियम त्याने निघत नाही आणि जादा जस्त महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी पडून रक्तक्षय होतो. आणि कोणी 'विष उतरवणारी' सलाइन सुचवली तर दारातूनच परत फिरा. जुन्या साठ्यावर तिचा उपयोग सिद्ध नाही, आणि काही औषधांनी मूत्रपिंडावरचा भार उलट वाढतो. खरा उपाय नवीन कॅडमियम आत जाऊ न देणं, एवढाच.

आप्पा विडी-सिगारेट ओढतात का? तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात साठवतं. आईंचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असलेल्या शरीरात कॅडमियम आतड्यातून जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं काही नवलाचं नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातखाचरांत गेलं, तेव्हा हाडं मोडण्याचा 'इताई-इताई' आजार झाला. त्यातही बहुतेक जास्त बाळंतपणं झालेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या बायका होत्या. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. तुमच्या माडीवर तेवढं कॅडमियम नसेल, पण आईंना शेजारी बसवू नका. भाच्याला तर माडी बंदच करा. वर चहा-जेवणही नको.

फुंकणी

ताई मी याच धंद्यात. वरच्या दोघांचं पटलं, पण एक गोष्ट सुटली. झाळ कारागीर निवडत नाही, व्यापारी देतो. आप्पांना 'झाळ बदला' म्हणून उपयोग नाही, व्यापाऱ्याशी बोलावं लागणार. आणि तो पहिल्यांदा भावच विचारणार, कारण बिनकॅडमियमच्या झाळेत चांदी जास्त.

मी असं बोललो होतो: शेठ, तुमच्या झाळेतला जो धूर उडतो तीच तुमची घट. माल देताना वजनात जे कमी भरतं त्यातलं निम्मं खापर आमच्या हातावर फोडता, ते खिडकीतून गेलेलं आहे. पहिले चार दिवस नवी झाळ वापरून घट मोजून दाखवली. मग ऐकला. तुमचा शेठ ऐकेल याची हमी नाही.

नवी झाळ कमी पळते. जोड घट्ट बसवायला लागतो, फट चालत नाही. टाकणखार (बोरॅक्स) ताजा लावायचा आणि ज्योत झाळेवर न धरता दागिन्यावर धरायची. जुन्या हाताला पहिले काही दिवस राग येतो. आप्पा शिव्या देतील, देऊ द्या.

पंख्याचा उपयोग नाही, तो धूर खोलीभर फिरवतो. टेबलाच्या मागे, तोंडाच्या समोरच्या बाजूला एक्झॉस्ट बसवा, म्हणजे धूर नाकाशी न येता पलीकडे जाईल. रुमाल बांधून काही होत नाही.

द्रवणांक

घटेचा मुद्दा अगदी बरोबर, मला सुचला नव्हता. मास्कबद्दल: धुराचे कण मायक्रॉनपेक्षा लहान असतात. झाळ बदलेपर्यंत पी-१०० (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्या. कापडी तर नकोच, आणि साध्या एन-९५ वरही भिस्त ठेवू नका.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. टंचवाल्याकडे झाळ दाखवली, कॅडमियम १९ टक्के निघालं. फळीवर तपकिरी थर आहेच, तो ओल्या फडक्याने काढला. आप्पांची लघवी ४.४ आली, रक्त ३.१, बीटा-२ ३८०. आईचं कॅडमियम १ च्या आत आहे, पण फेरिटिन ९.

आप्पांना आकडे दाखवले तेव्हा काही बोलले नाहीत. घटेचा मुद्दा सांगितल्यावर मात्र लगेच शेठला फोन लावला. विड्या सोडायचं नाव काढू देत नाहीत.

वैद्यकी_चौकटीबाहेर

लघवी आणि बीटा-२ दोन्ही रेषेच्या वर आहेत, म्हणजे नलिकांना त्रास सुरू झालेला दिसतो. आप्पांना मूत्रपिंडतज्ज्ञांकडे न्या आणि संपर्क थांबल्यावर तीन महिन्यांनी हेच तीन आकडे पुन्हा काढा. रक्तातला आधी उतरेल. लघवीतला वर्षानुवर्षं रेंगाळेल, त्याने खचू नका. मूत्रपिंड जपायचं म्हणून डोकेदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं बंद. आईंना लोह सुरू करा, डॉक्टरांना विचारून.

चांदणवेल

करते. अजून एक प्रश्न राहिला. माडीवरचा सगळा केर आप्पा वर्षानुवर्षं डब्यात साठवून झारेकऱ्याला विकतात, तो जाळून-धुऊन त्यातली चांदी काढतो. ही फडकी आणि तो केर आता त्याला द्यायचा का?

फुंकणी

तसाच देऊ नका. तो उघड्यावर पेटवतो आणि धुतलेलं पाणी गटारात सोडतो. आमच्याकडे आता केर झाकणाच्या डब्यात भरून बंद भट्टीच्या रिफायनरीला देतात, थोडा कमी भाव मिळतो. आणि तुमच्या झारेकऱ्याला पण हे सांगा, त्याला कोण सांगणार दुसरं.