मदत हवी आहे : बाथरूमच्या कामाचं कोटेशन आयटमवार द्यावं की उक्तं?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये बाथरूम रिनोव्हेशन आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. बहुतेक इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको याच पट्ट्यात, जुन्या इमारतींमध्ये. वरच्यांचं पाणी खालच्यांच्या छतात उतरलं की आमचा फोन वाजतो.

आजवर उक्तंच द्यायचो. एक बाथरूम, मटेरियलसकट, एवढे रुपये. आता गिऱ्हाईक आयटमवार मागतं. मागण्यात गैर काही नाही, पंचाईत पुढे होते.

मागे एका काकांना सगळं फोडून दिलं. ८ बाय ५ चं बाथरूम. तोडफोड, राडारोडा उतरवणं, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), फ्लोअर ४० चौ. फूट, डाडो म्हणजे भिंतीच्या टाइल्स सात फुटांपर्यंत, दार वजा जाता साधारण १६५ चौ. फूट, सीपीव्हीसी पाइपची लाइन, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड), टाइल्सच्या फटी भरायचं ग्राउटिंग. काका कागद घेऊन बसले. "टाइल्स मी आणतो, ती ओळ काढा. तोडायला आमच्या वॉचमनचा माणूस आहे. आणि सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झालाय, तो फरक द्या." बारा गोण्यांमागे तो फरक फार तर पावणेचारशे रुपये! शेवटी तोच कागद, माझ्याच मापांसकट, दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला आणि काम त्याला मिळालं.

तोडफोड दुसऱ्याने केली तर मी गळतीची गॅरंटी कशाच्या जोरावर देऊ? ट्रॅपपाशी छिन्नी कोणी कशी मारली, तिथेच अर्धं काम ठरतं. पण उक्तं दिलं की शेवटच्या बिलाला कटकट. गीझरचा पॉइंट धरला होता ना? एक्झॉस्टचं भोक? डबर खाली कोण नेणार?

तर फोड कुठवर करावी? मजुरी-मटेरियल वेगळं दाखवता का? मापं आधी देता का?

प्रतिसाद १
सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी झाली, म्हणून सांगतो. आपल्याकडे बी-१ फॉर्म टक्केवारीच्या टेंडरचा, बी-२ आयटम रेटचा आणि सी उक्त्याचा. बी-२ मध्ये ठेकेदार प्रत्येक आयटमपुढे दर भरतो, पण नफ्याची ओळ कुठेच नसते. तो दरातच असतो. आणि परिमाणं खातं काढतं, ठेकेदार नाही. तुम्ही मापंही काढता, दरही देता, तेही फुकट. मोजमाप हे काम आहे, त्याचे पैसे घ्या.

प्रतिसाद २
मी गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलतो, रागावू नका. आमच्याकडे तीन कोटेशनं आली, तिन्ही एकेका ओळीची. सगळ्यात स्वस्त होतं त्यात टाइल ४० रुपये फुटाची धरली होती, महागड्यात ९० ची. हे विचारल्यावर कळलं. तुम्हाला काय उरतं याच्याशी मला घेणंदेणं नाही. कोणता पाइप, कितीची टाइल, वॉटरप्रूफिंगच्या कोटचे थर किती, जीएसटी धरून की वेगळा आणि काय धरलेलं नाही, एवढं लिहून द्या. पैसे एकरकमी लिहिलेत तरी चालेल.

प्रतिसाद ३
भाऊ, मी पंचवटीत हेच काम करतो. कामाची फोड पूर्ण देतो, पैशांची नाही. तोडफोडीपासून पाणी भरून ४८ तासांच्या टेस्टपर्यंत एकच रक्कम. त्यातलं काही काढता येणार नाही, काढलं तर गॅरंटी नाही, हे वरच लिहितो. टाइल्सची ओळ वेगळी : "६० रुपये फुटापर्यंत धरली आहे, वरचा फरक आपला". खाली ठळक अक्षरांत "यात धरलेलं नाही" : गीझर, खिडकीची काच, दार. मापं ॲडव्हान्स आल्यावर. कोटेशन १५ दिवसांपुरतंच, कारण सिंहस्थाच्या कामांमुळे मिस्त्रीचे रोज कधी चढतील सांगता येत नाही.

काकांसारखे चार गेले तर जाऊ द्या. ते शेवटच्या हप्त्यालाही तसेच वागतात.

मूळ प्रश्नकर्ता
तोडफोड ते टेस्ट एकत्र, हे पटलं. साहेबांचं मोजमापाचं म्हणणंही खरं आहे, पण सिडकोत व्हिजिटचे पाचशे मागितले की लोक फोनच ठेवतात. काम मिळाल्यावर वळते करून देता का? आणि गिऱ्हाईकाने आणलेली टाइल कमी पडली, दुकानात तो लॉट संपला, मिस्त्री दोन दिवस बसून राहिला, तर रोज कोणी द्यायचा?

प्रतिसाद ३
व्हिजिट फुकट, तोंडी अंदाजही फुकट. लेखी आणि मापांसकट हवं असेल तर पाचशे, काम दिलं की बिलातून वजा. टाइल गिऱ्हाईकाची असेल तर दहा टक्के जास्तीची एकाच लॉटमधली आणायला लेखी सांगतो, आणि खोळंब्याचा रोज त्यांच्याकडे. त्या ओळीखाली सही घेतो, मगच घण उचलतो.