'अ‍ॅक्सेस'ला काय म्हणायचं? सोय, सुगम्यता, वावर?

मॅडिसनकर:
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. विषय विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या चाहत्यांची संमेलनं, म्हणजे इंग्रजीतली 'कन्व्हेन्शन्स', आणि तिथे व्हीलचेअरवरच्या, कमी ऐकू येणाऱ्या, गर्दी-गोंगाट न सोसणाऱ्या लोकांना भाग घेता यावा म्हणून चाहत्यांनीच दिलेले लढे. ही संमेलनं कुठली कंपनी भरवत नाही. 1939 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेलं वर्ल्डकॉन असो की अमेरिकेतल्या आमच्या मॅडिसनला 1977 मध्ये सुरू झालेलं विसकॉन, सगळं हौशी स्वयंसेवकांच्या जिवावर.

मी सगळीकडे 'अपंगांसाठी सोय' लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं 'दिव्यांगांसाठी सुगम्यता' केलं. 'अकोमोडेशन मागितलं', म्हणजे आपल्या गरजेप्रमाणे व्यवस्थेत बदल करून मागितला, असं एक वाक्य मी तसंच ठेवलं होतं, त्याचं 'निवासव्यवस्था मागितली' झालं! शीर्षक होतं 'प्रवेशासाठी उभे राहताना'. त्यावर 'उभे' हा शब्द इथे बरा दिसत नाही असा शेरा आला.

'सुगम्यता' वाचलं की मला आकाशवाणीचं सुगम संगीत आठवतं. पण 'सोय'ही आता नको वाटते. एका संमेलनात माझ्या मैत्रिणीला परिसंवादाला बोलावलं होतं. मंच दोन फूट उंच, तीन पायऱ्या, रॅम्प नाही. बाकीचे चौघे वर बसले आणि ती खाली, मंचाला पाठ लावून, सहवक्त्यांचे चेहरे न बघता तासभर बोलली. नंतर आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, आम्ही सगळे फुकट राबतो, जमेल तेवढं करतो. घरी आईला हे मराठीत सांगताना माझ्याच तोंडून 'त्यांनी सोय केली नाही' असं गेलं आणि ते फार थिटं वाटलं. योग्य शब्द सुचवा.

जुना_कोश:
'सोय' अजिबात सोडू नका. 'सोय जाणे तो सोयरा' ही म्हण आपली आहे. माझ्या मते 'सोयरा' हा शब्दच सोयीतून आला. जो दुसऱ्याची अडचण ओळखतो तो आपला माणूस, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे. 'सुगम्यता' दिल्लीहून आली, 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं तेव्हा. त्याआधी कुणाच्या तोंडी ऐकली होती?

अनुवादक_ठाणे:
सोयरा 'सहोदर'वरून आला. म्हणीत नुसता शब्दखेळ आहे.

वीस वर्षं सरकारी मजकुराचं भाषांतर करते आहे, म्हणून सांगते. ज्याला आपला हक्क शोधायचा आहे तो माणूस 'सुगम्यता' हाच शब्द शोधणार, कारण परिपत्रकात तो आहे. शिवाय सोय कुणीतरी 'करतं' आणि ती ज्याची होते तो ओशाळतो. पाण्याची सोय, झोपायची सोय. रस्ता खणला की पाटी लागते, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. दारातून आत जाताच आलं नाही, तर ती गैरसोय आहे का?

यवतमाळची:
'वावर' का नको? संमेलनात सगळ्यांना वावरता आलं पाहिजे, हे माझ्या आजीलाही कळेल. आत शिरणं वेगळं आणि आत गेल्यावर फिरणं, जेवणाच्या रांगेत जाणं, बाथरूमला जाणं वेगळं. फक्त आमच्याकडे वावर म्हणजे शेत, तेवढं जपा.

जुना_कोश:
सुंदर. 'वाव' म्हणजे जागा, त्यावरूनच 'वावर'. शेतातही मोकळी जागा असतेच की.

अनुवादक_ठाणे:
पुरावा द्या. उच्चार जुळला म्हणून शब्द एका घरचे होत नाहीत.

चाकांवरून:
एकोणीस वर्षं व्हीलचेअर वापरते, म्हणून 'उभे राहणे'बद्दल आधी बोलते. मैत्रीण माझ्या बाजूनं उभी राहिली असं मीही म्हणते. 'लंगडी सबब', 'पांगळा युक्तिवाद' मात्र लागतं, आणि ते अग्रलेखांत रोज छापलं जातं. संपादकांना तिकडे पेन्सिल फिरवायला सांगा.

मॅडिसनकरताईंची मैत्रीण खाली बसली, मला वर 'उचलून' नेलं आहे. एका साहित्यिक कार्यक्रमात मंचाला फळी लावली होती, इतकी चढी की खुर्ची मागे कलंडायची. चार मुलं धावत आली, 'ताई, काळजी नको, आम्ही आहोत ना.' मुलं मनानं फार चांगली होती. पण खुर्ची उचलली की चाकं, ब्रेक, तोल, सगळं परक्या हातात. टाळ्या वाजल्या. माझं भाषण सुरू व्हायच्या आधी!

उताराचं गणित सोपं आहे. 1:12. उंची एक फूट तर उतार बारा फूट लांब. दोन फुटी मंचाला चोवीस फूट लागतात. आयोजकांना हे आदल्या रात्री कळतं, तोवर खुर्च्या मांडून झालेल्या असतात. एवढी जागा नसेल तर मंच काढा आणि सगळ्यांना जमिनीवर बसवा. फुकटात होतं.

जुना_कोश:
'रॅम्प' कशाला? 'उतरण' हा आपला शब्द आहे.

चाकांवरून:
मला वर जायचं असतं हो.

जुना_कोश:
मग 'चढण' म्हणा.

मॅडिसनकर:
चाकांवरून, मनापासून आभार. शीर्षक तसंच ठेवते.

विसकॉनचं एक सांगायचं राहिलं. तिथे खोल्यांच्या गालिच्यावर निळी चिकटपट्टी लावून व्हीलचेअरच्या जागा आखतात. तिथे खुर्ची ठेवायची नाही, की बॅग टाकायची नाही. मी एका वर्षी पट्टी लावायला गुडघ्यांवर होते. एकदा ती जमिनीवर आली की कुणी कुणाला 'जरा सरकता का' म्हणत नाही. मला शब्द हवा आहे तो याला. कुणी कुणाची सोय करत नाहीये, जागा आधीपासून आहेच.

आणि लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांनी पुढे आणलेली प्रतिज्ञा. ज्या संमेलनाचं अ‍ॅक्सेसबद्दलचं निवेदन आधी जाहीर झालेलं नाही, त्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमलेला नाही, आणि लागेल ते करून द्यायची तयारी नाही, तिथे आम्ही वक्ते म्हणून जाणार नाही. बिनपगारी आयोजकांवर फार ओझं, अशी तक्रार यावर होते. पण तीन मागण्यांपैकी पहिलीला पैसा लागत नाही, खरं लिहावं लागतं. 'मंचाला रॅम्प नाही' एवढं जरी आधी छापलं असतं, तरी माझ्या मैत्रिणीनं ठरवलं असतं जायचं की नाही ते.

'अकोमोडेशन'ला कुणी काही सुचवेल का?

सांगाती:
त्याआधी 'कन्व्हेन्शन'चं ठरवा. संकेत, करार आणि संमेलन, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचं 2006 चं संयुक्त राष्ट्रांचं 'कन्व्हेन्शन', ज्याला भारतानं 2007 मध्ये मान्यता दिली, ते एका अनुवादात मी 'संमेलन' झालेलं पाहिलं आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 'अधिवेशन' म्हणतं, तेही स्वयंसेवकच भरवतात. तुम्हीही तेच घ्या.

आणि 'अपंग' की 'दिव्यांग'?

अनुवादक_ठाणे:
डिसेंबर 2015 ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सुचवल्यापासून सरकारदरबारी 'दिव्यांग'. महाराष्ट्रात खात्याचं नावही 'दिव्यांग कल्याण विभाग' आहे.

चाकांवरून:
माझ्या पायांत दिव्य काही नाही. मला अपंग म्हटलेलं चालतं. ज्यांना दिव्यांग आवडतं त्यांना तसं म्हणा, आधी विचारा.

जुना_कोश:
'अप' म्हणजे हीन, हीन अंग ते अपंग. म्हणून तो शब्द टाकावाच.

अनुवादक_ठाणे:
संस्कृतात 'अपांग' म्हणजे डोळ्याचा कोपराही. फोड करून माणसाचं मन कळत नाही. चाकांवरून सांगतात ते ऐका.

सांगाती:
कमी ऐकू येणाऱ्यांचंही लेखात घ्या. मी डाव्या कानानं ऐकत नाही. वक्ता उठून म्हणतो, 'माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको. मागे ऐकू येतंय ना?' ज्याला ऐकू येत नाही तो कसं उत्तर देणार?

शब्दाबद्दल बोलायचं तर जुन्या मराठीत 'रिगणे' म्हणजे आत शिरणे. संतवाङ्मयात भरपूर आहे. त्यावरून 'रीघ' घ्या. अ‍ॅक्सेसला इतका नेमका शब्द दुसरा नाही.

यवतमाळची:
आज 'रीघ' म्हटलं की गर्दी आठवते. देवळात रीघ लागली.

चाकांवरून:
आणि जिथे रीघ लागते तिथे मला रीघ नसते.

जुना_कोश:
हे वाक्य लेखात घ्याच.

मॅडिसनकर:
घेते, परवानगी असेल तर. पण 'अकोमोडेशन' अजून तसंच आहे, आणि अंक सोमवारी छपाईला जातो.

यवतमाळची:
माझा एक प्रश्न यातच विचारते. पुढच्या महिन्यात आमच्या वाचक मंडळाचा मेळावा आहे. सभागृहाचा मंच मोजून आले, दीड फूट. म्हणजे अठरा फूट उतार ना? दोन्ही बाजूंना कठडा लागेल का?

चाकांवरून:
अठराच. कठडा हवाच, आणि वर पोचल्यावर खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा सोडा. पृष्ठभाग गुळगुळीत नको, आणि त्यावर सतरंजी अंथरू देऊ नका, चाकात अडकते.

यवतमाळची:
मांडववाल्याला फोन केला. 'चाकांची खुर्ची जाईल अशी चढण पाहिजे' म्हटलं. तो म्हणाला, 'म्हणजे रॅम्प ना ताई? किती फूट?' उद्या सकाळी जागा बघायला येतो आहे.