महिला आयोगासाठी नाव सुचवतायत, हो म्हणू का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बचत गटात अठरा वर्षं झाली. आधी गटाची सचिव, मग ग्रामसंघ, आता माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, आमच्या लोकसंचालित साधन केंद्राची (बचत गटांनी मिळून चालवलेलं केंद्र) अध्यक्ष. शिक्षण दहावी, तेही लग्नानंतर बाहेरून.

परवा ओळखीच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. "ताई, राज्य महिला आयोगावर अशासकीय सदस्य म्हणून तुमचं नाव पुढं करायचं म्हणतोय. खेड्यातली, काम केलेली बाई पाहिजे. बायोडाटा पाठवा व्हॉट्सॅपवर." मी कुठल्याच पक्षात नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी म्हणाला, पाठवा.

घरात सांगितलं तर मालक म्हणाले, "लेटरहेडवर नाव येईल, बाकी काय? म्हशीचं कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या, "जा की. मुंबई तरी बघून ये." दोघांच्या मधे मी.

मला खरंच माहीत नाही की तिथं बसून काय करायचं असतं. मी आजवर काय केलं? बँकेत गटांची कर्जं करून दिली, मॅनेजरशी भांडले. गावात दारूचं दुकान बंद करायला मतदान लावलं, उभी बाटली आडवी बाटली, आणि आडवी निवडून आणली. त्यात अर्जाला २५ टक्के बायकांच्या सह्या लागल्या आणि मतदानात यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागला. माहेरी गेलेल्यांनासुद्धा गाडी करून आणलं. एवढंच माझं काम. इंग्रजी येत नाही. मुंबईला दर महिन्याला जायचं म्हणजे रात्रीची देवगिरी, सकाळी तिथं, पुन्हा रात्री परत. झेपेल का? आणि ज्यानं नाव सुचवलं त्याचं नंतर ऐकावं लागतं का? खरं सांगा, कौतुक नको.

कट्टेकरी

कौतुक नकोय म्हणताय म्हणून सांगतो. अशी पदं म्हणजे सोय लावायच्या जागा. फेब्रुवारी २०२० मध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, नवीन नेमणूक थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधला सगळा लॉकडाऊन, बायका घरात कोंडलेल्या, आणि खुर्ची रिकामी. त्यावरून काय ते समजा. म्हैस सांभाळा, दूध तरी मिळेल.

निवृत्त समुपदेशक

कट्टेकरी, खुर्ची रिकामी होती हे खरंच. पण त्यावरून खुर्ची निकामी आहे असं नाही निघत. उलट ती भरलेली असावी, आणि फाईल वाचणाऱ्या बाईनं भरलेली असावी, असं निघतं.

गोदाकाठताई, मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधी पोलिसांच्या आवारात चालणाऱ्या 'महिला व मुलांसाठी विशेष कक्षा'त समुपदेशक होते. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात पहिला कक्ष काढला, पुढे ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. त्यामुळे आयोगाच्या जनसुनावणीला गठ्ठे घेऊन कोपऱ्यात बसायची वेळ बऱ्याचदा आली. तिथं पाहिलेलं एक सांगते.

नियोजन भवनाचा हॉल. पुढे टेबलाला सॅटिनचं कापड, पाण्याच्या बाटल्या, सत्कार उरकलेले. सत्काराला वीस मिनिटं गेली, तो एक वेगळाच विषय. टोकन पुकारत होते. एक बाई आली, पस्तिशीची असेल, हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी. नवऱ्यानं हाकललं होतं, अंगावरचं सोनं सासरी ठेवून घेतलेलं. पोलिसांकडून जे साहेब आले होते ते उभे राहून म्हणाले, "मॅडम, तक्रारदार एकदा येऊन गेल्या, नंतर फिरकल्याच नाहीत. आम्ही वाट बघतोय."

हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं, झालं, पुढचं टोकन.

टेबलाच्या डाव्या टोकाला एक अशासकीय सदस्य होत्या. दिसायला तुमच्या-माझ्यासारख्याच, सुती नऊवारी, चष्मा दोरीला. त्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी बाईला एवढंच विचारलं, "पोच आहे का गं?"

बाईनं पिशवीतून पोच काढली. लॅमिनेट केलेली! आवक शिक्का, तारीख, खाली कुणाची तरी वाकडी सही. म्हणाली, भिजू नये म्हणून केली. आणि त्याच पिशवीत रबर लावलेली एसटीची तिकिटं, अर्ध्या दराची, बायकांची. सगळी तालुक्याच्या गावाची. त्या कागदावरची शाई उडते हे तुम्हाला माहीतच आहे, दोन-तीन अगदी कोरी झाली होती. पण तिच्या पोरीनं मागच्या बाजूला बॉलपेननं तारखा लिहून ठेवल्या होत्या. मुलगी सातवीत.

सदस्यबाईंनी चष्मा लावला आणि एकेक तारीख मोठ्यानं वाचली. पाच तारखा. आवाज चढवला नाही. मग साहेबांना म्हणाल्या, "या पाच दिवसांची स्टेशन डायरी मला दाखवा. आज जमणार नसेल तर पुढच्या गुरुवारी. फोनवर नको, लेखी. आणि एक प्रत समुपदेशन कक्षाला." साहेब खाली बसले. माझ्या शेजारची संरक्षण अधिकारी हळूच म्हणाली, "बाईंनी तारीख दिली बघ."

गुरुवारी पत्र आलं नाही, सोमवारी आलं. गुन्हा नोंदवला गेला. डोरलं आणि मणी परत मिळाले. पाटल्या मी निवृत्त होईपर्यंत तरी मिळालेल्या नव्हत्या. म्हणजे सगळं सोन्यासारखं झालं असं सांगत नाहीये. पण जी बाई 'फिरकली नाही' असं सरकारी कागदावर जाणार होतं, तिच्या पाच फेऱ्या कागदावर आल्या.

तुम्ही विचारलंत ना, तिथं बसून काय करायचं. हे करायचं. कर्जाचा अर्ज बँकेत अडला की तुम्ही मॅनेजरला काय विचारता? "कधी दिला होता, कुणी घेतला, पोच कुठंय?" तेच. बचत गटाचं रजिस्टर ज्या बाईनं अठरा वर्षं लिहिलंय तिला तारीख आणि सही यांची किंमत माझ्याहून जास्त कळते.

इंग्रजीचं मनातून काढा. राज्य सरकारचा कारभार मराठीत आहे, फाईल मराठीत, टिपणी मराठीत. अडेल ते सरकारी मराठी. 'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये' वाचून पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसाल. मग कळेल की त्यात दरवेळी तीच पंधरा-वीस वाक्यं असतात.

आता सुचवणाऱ्याचं. फोन येतील, नाही कशाला म्हणू. "आपलाच माणूस आहे, जरा सांभाळून घ्या." मला एका सदस्यबाईंनी त्यांची युक्ती सांगितली होती. असा फोन आला की त्या गोड आवाजात म्हणायच्या, "थांबा हं भाऊ, नाव आणि वेळ लिहून घेते, फाईलला लावायला बरं." दुसऱ्यांदा त्याच माणसाचा फोन क्वचितच यायचा.

आणि ही जागा कुणी दान दिलेली नाही, हेही मनात असू द्या. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला १९७१ साली केंद्रानं समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य सचिव. त्यांचा अहवाल १९७४ चा. स्त्रियांसाठी कायमस्वरूपी, स्वायत्त आयोग हवेत हे त्यात लिहिलंय. राष्ट्रीय आयोग व्हायला १९९२ उजाडलं, आपला राज्याचा १९९३ ला झाला. मधली अठरा वर्षं बायका मोर्चेच काढत होत्या. तुमचीही बचत गटात अठराच झाली म्हणताय.

वकीलबाई

समुपदेशकताईंनी सांगितलं त्याला फक्त कायद्याचं अस्तर लावते.

१९९३ च्या अधिनियमाप्रमाणे अध्यक्ष, सहा अशासकीय सदस्य, सदस्य सचिव आणि पदसिद्ध म्हणून पोलिस महासंचालक. मुदत तीन वर्षं. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणजे समन्स काढणं, कागद मागवणं, शपथेवर विचारणं. पण आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. अटक करत नाही, घटस्फोट देत नाही, पोटगी ठरवत नाही. सरकारला शिफारस करतो. लोकांना हे सांगितलंत तर निम्मी गाऱ्हाणी टळतील. माझ्याकडे बायका येतात त्या "आयोगात गेले होते, निकाल लागला नाही" म्हणत. तिथं निकाल लागतच नसतो.

दुसरं, कुणाला कुठं पाठवायचं हे पाठ करा. घरात मारहाण असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, त्यासाठी संरक्षण अधिकारी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ असेल आणि तिथं दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर २०१३ च्या कायद्याखालची जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकाही तिथंच. तुमच्या गटातल्या किती जणींना ही समिती ठाऊक आहे? विचारून बघा. आणि तुमच्या जिल्ह्यातली समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हा सदस्य झाल्यावरचा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

फडावरची

मी बीडची. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मीही सातवीपर्यंत कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, वाढले.

मला एवढंच म्हणायचंय की खेड्यातली बाई तिथं असली पाहिजे, कारण काही प्रश्न मुंबईत सुचतच नाहीत. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे २०१९ ला पेपरात गाजलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या वस्तीवर ही गोष्ट कुणाला नवी होती? पाळी आली, पोटात कळ आली, एक दिवस कोयता खाली ठेवला की खाडा, खाड्याचे पैसे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून कापणार. डॉक्टर म्हणणार, पिशवी काढून टाका, कटकटच नको. आई म्हणायची, "पिशवी गेली, पण खाडा तरी वाचला." हे वाक्य आयोगाच्या टेबलावर कोण सांगणार? त्या टेबलाला एखादी पाथरीची, गंगाखेडची, धारूरची बाई असती तर २०१९ पर्यंत थांबावं लागलं असतं का, असं मला वाटत राहतं.

ताई, हो म्हणा. आणि कधी जनसुनावणी लागली तर ती कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत लावा. दिवाळीनंतर आमच्या बायका गावात नसतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. कट्टेकरीदादा, तुमचेही. म्हशीचं तुम्ही आणि मालक एकच बोललात.

वकीलबाई, आजच्या बैठकीत विचारलं. २३ जणी होत्या. स्थानिक समिती एकीलाही माहीत नव्हती, मला धरून. त्यातल्या चौघी तालुक्याला जिनिंगमध्ये जातात, दोघी डॉक्टरांच्या घरी धुणीभांडी करतात. आता जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणार आहोत की समितीवर कोण कोण आहे आणि कुठं बसते. आयोगाचं होवो न होवो, हे आमच्या लेटरहेडवर जाईल.

फडावरची, हंगामाचं माझ्या ध्यानातच आलं नसतं बघ. आमच्या गावातनंही बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी, जातात.

समुपदेशकताई, त्या पोरीचं काय झालं, सातवीतली? तारखा लिहिणारी?

निवृत्त समुपदेशक

आईबरोबर मामाच्या गावी राहते. शाळा सुटली नाही. अक्षर अजून तसंच आहे, मला दिवाळीला कार्ड आलं होतं.

बायोडाटा पाठवलात का?

गोदाकाठ

व्हॉट्सॅपवर नाही पाठवला. छापून घेतला, दोन प्रती, आणि त्या भाऊंच्या ऑफिसात हातानं दिला. शिक्षणाच्या खाली दारूबंदीचं मतदान लिहिलंय, किती बायका, किती मतं, तारखेसकट. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागितला तर भाऊ हसायला लागले. "ताई, बायोडाट्याची कसली पोच?"

मी खुर्चीवरून उठले नाही. दिली मग.