जॅझचा साठा वाढवायचाय? जाड पुस्तक घेऊ नका

टेनरवाला
चार वर्षं टेनर सॅक्सोफोन वाजवतोय. घरात जॅझच्या चारेकशे गाण्यांचं ‘द रिअल बुक’ हे पुस्तक आहे. त्यातली पुस्तक न उघडता वाजवता येतात मोजून अकरा, तोच माझा साठा! माझं आता ठाम मत झालंय की दोष जाडीचा आहे. एक गाणं जरा अडलं की हात आपोआप पुढचं पान उलटतो.

नव्याने घेणाऱ्याने पन्नास-साठ स्टँडर्ड्सचंच (म्हणजे सगळेच जॅझवाले वाजवतात त्या गाण्यांचं) पुस्तक घ्यावं, आणि तेही शब्द छापलेलं. आपण वाजवणारे, शब्द कशाला, असं मलाही वाटायचं. पण टेनरवादक डेक्स्टर गॉर्डन बॅलड, म्हणजे संथ गाणं, सुरू करण्याआधी त्या गाण्याच्या ओळी म्हणून दाखवायचा. ओळ कुठे संपते ते कळलं की श्वास कुठे घ्यायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

खर्ज
साफ चूक. मी डबल बास वाजवतो, म्हणजे न ऐकलेल्या गाण्याला साथ करणं हेच माझं काम. जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवताना, कुणी गाणं पुकारलं की सगळ्यांपुढे एकच पान हवं. तुमचं साठ गाण्यांचं निवडक पुस्तक तिथे तुमच्याशिवाय कुणाकडे असणार?

‘द रिअल बुक’ जन्मलं ते याच गरजेतून. 1970च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहून काढलं, कारण त्याआधीच्या फेक बुकांतल्या, म्हणजे चाल आणि कॉर्ड्स देणाऱ्या गाण्यांच्या पुस्तकांतल्या, कॉर्ड्स (साथीला एकत्र वाजणारे सूर) जुनाट होत्या. रॉयल्टी न भरता कित्येक वर्षं चोरून विकलं गेलं. हॅल लेनर्ड या प्रकाशकाची अधिकृत आवृत्ती आली 2004 साली. एक मात्र बघा : तिच्यात जुन्या बऱ्याच चुका दुरुस्त झाल्यात. तुमच्याकडे जुनी झेरॉक्स आणि शेजाऱ्याकडे नवी प्रत असेल, तर एकाच गाण्यात दोघांचे रस्ते वेगळे.

कानसेन
पुस्तकच कशाला? त्यातलं पान, म्हणजे लीड शीट, ही कुणीतरी एक रेकॉर्ड ऐकून केलेली नोंद. चाल आणि कॉर्ड्स, बस्स. बंदिशीची वही पाठ करून राग येतो का? सॅक्सोफोनचा दादा चार्ली पार्करसुद्धा त्याच्या आधीच्या लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून उतरवत बसायचा. कान तयार करा.

टेनरवाला
पार्करचं नाव काढलं की वाद संपतो असं तुम्हाला वाटतं, पण मला नोकरी आहे हो. रेकॉर्डवरून एक गाणं उतरवायला मला आठवडा लागतो.

@खर्ज, जॅमचा मुद्दा मान्य. पण जॅममध्ये वाचता येणं आणि साठ्यात असणं या दोन गोष्टी आहेत.

काळीपांढरी
पियानोवाल्यांकडून दोन शब्द. गाणी किती, हा प्रश्नच चुकीचा. पुस्तक चाळताना बांधणी बघा. ‘आय गॉट रिदम’ (1930) मुळात 34 बार्सचं (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट). शेवटचे दोन गाळून 32 बार्सवर जॅझवाल्यांनी किती चाली रचल्या त्याला गणती नाही. ‘हाऊ हाय द मून’च्या कॉर्ड्सवर ‘ऑर्निथॉलॉजी’, ‘चेरोकी’च्या कॉर्ड्सवर ‘को-को’. मूळ गाणं हाताखाली असेल तर दुसऱ्यात नवी फक्त चाल. उलट ‘ऑल द थिंग्ज यू आर’ एकटंच 36 बार्समध्ये पाच पट्ट्या फिरवून आणतं. असं एक बसवलं की दहा सोप्या गाण्यांचं काम होतं. ज्या पुस्तकात ब्लूज (बारा बार्सचा ठरलेला साचा), रिदम चेंजेस (‘आय गॉट रिदम’च्या कॉर्ड्सवरची गाणी), मायनर, बोसा (ब्राझिलियन ठेका), वॉल्ट्झ (तीन मात्रांचा ठेका) सगळं थोडं थोडं आहे ते घ्यावं, मग जाड असो की बारीक.

आणि टेनर असेल तर त्या वाद्यासाठी सूर बदलून छापलेली बी फ्लॅटची प्रत मागा. आल्टोला ई फ्लॅट.

टेनरवाला
ते मला कुणी आधी का नाही सांगितलं! सी-ची, म्हणजे पियानोवाल्यांची, प्रत घेऊन वर्षभर प्रत्येक सूर मनात एक टोन वर चढवून वाजवत होतो. जी मायनरचं ‘ऑटम लीव्ह्ज’ पानावर, बोटं ए मायनरमध्ये.

कानसेन
बघा, तेवढं वर्ष कानाला दिलं असतं तर?

खर्ज
ते राहू दे. ती अकरा गाणी कुठली, ते सांगा की.

टेनरवाला
‘ऑटम लीव्ह्ज’, ‘ब्लू बोसा’, आणखी दोन बॅलड. बाकीची सात... बी फ्लॅट ब्लूज आहेत.

खर्ज
म्हणजे बाराच बार्स, सात वेगवेगळ्या नावांनी. अकरा नाहीत हो, पाच धरा.